जमिनीवरचा बॉल

आमच्या गावच्या टीमचा खेळ एका शब्दात सांगता यायचा: हाण. बॉल पायाशी आला की मी तो आभाळात हाणायचा आणि पुढं उभ्या असलेल्या आमच्या उंच गड्यानं डोक्यानं घ्यायचा. मी स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढचा शेवटचा माणूस. वीस वर्षं मी हेच केलं आणि यालाच फुटबॉल म्हणतात असं समजून मिशीला पीळ देत हिंडलो.

मग चार-पाच नवी पोरं टीममध्ये आली. त्यांत माझा पुतण्या गोलकीपर, आणि यंदा सगळ्यांनी त्यालाच कप्तान केलं. पहिल्याच दिवशी म्हणतो, आता बॉल उंच मारायचा नाही. आपल्या गोलपासून जमिनीवरून, एकमेकांना देत देत न्यायचा. मी खो-खो हसलो. आमचं ग्राउंड म्हणजे कपाशी निघालेलं वावर. जिकडंतिकडं ढेकळं आणि पऱ्हाटीची धसकटं.

"बाबू, हे काय घरातली फरशी हाय? इथं बॉल आपल्या मनानं जाते."

"मंग ग्राउंड सुधारू ना काका," तो म्हणाला.

मला वाटलं, बोलायची गोष्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीवर दूध घालायला जाताना पाहतो तर ही पोरं ओळीनं उकिडवी बसून धसकटं उपटतायत. पंधरा दिवस, कॉलेजला जायच्या आधी, हेच. मग कुणाच्या तरी बापाचा ट्रॅक्टर मागून आणला, मागं बाभळीचा ओंडका बांधला आणि पाणी मारून सगळं वावर सपाट केलं. वीस वर्षं त्या धसकटांनी आमचे गुडघे सोलले, पण ती उपटावीत हे आमच्यातल्या एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, कौतुक त्याहून जास्त वाटलं.

पण आता पंचाईत माझी झाली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. पोरांनी अंगण सरळ केलं आणि नाचता कोणाला येत नाही ते सगळ्या गावाला दिसलं. दहा पावलांवरच्या गड्याला द्यायचा बॉल माझ्या पायातून तीस पावलं जायचा. पुतण्या रोज थांबून शिकवायचा. "बॉल यायच्या आधी मांगं पाहून घ्या काका. कोन कुठी हाय ते आधीच मालूम पायजे." नांदुऱ्याच्या टीमशी सामना जवळ आला होता. त्यात जमलं नाही तर माझी जागा गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सामना आमच्याच ग्राउंडवर होता. सुरुवातीलाच पुतण्यानं बॉल माझ्याकडं सरकवला. समोरून त्यांचा गडी धावत आला आणि माझा पाय जुन्या सवयीवर गेला. हाणला. बॉल धड उंचही गेला नाही, त्याच्याच छातीवर आदळला, आणि दोन पावलांत त्यानं तो आमच्या जाळ्यात घातला.

मध्यंतराला मी बुटाची नाडी सोडायला बसलो. "मले काढ," मी पुतण्याला म्हटलं. "दुसऱ्याले घे."

"काऊन? बूट बांधा. बॉल तुमालेच देईन."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी कप्तान होतो तेव्हा आमच्यातल्या एकानं अशीच चूक केली होती. मी सगळ्यांना खुणावलं आणि उरलेला सामनाभर त्याला बॉल लागू दिला नाही. तो नुसताच धावत राहिला. पुढं तो कधी खेळायला आला नाही. आता बसस्टँडवर त्याचं भाजीचं दुकान आहे. आमच्या घरची भाजी त्याच्याकडूनच येते, पण ही गोष्ट आमच्यात कधी निघाली नाही.

उत्तरार्धात नांदुऱ्याचे दोघं दोघं माझ्यावर यायला लागले. कच्चा गडी त्यांनी बरोबर हेरला होता. पुतण्यानं तरीही बॉल मलाच दिला. या वेळी मी मागं पाहून ठेवलं होतं. डावीकडं आमचा एक पोरगा मोकळा होता. त्याला दिला. त्यानं पुढं दिला, पुढच्यानं मध्ये आणला, आणि सहा-सात जणांच्या पायांतून, एकदाही गुडघ्याच्या वर न उडता, बॉल नांदुऱ्याच्या गोलात गेला. इतका सुंदर गोल आमच्या गावानं कधी केला नव्हता. मी ग्राउंडवर उभ्या उभ्या रडलो.

सामना बरोबरीत सुटला. माणसं पांगली तरी भाजीवाला दोस्त बांधावर बसून होता. मी त्याच्या शेजारी जाऊन टेकलो.

"तुले त्यानं पुन्हा बॉल देल्ला," तो म्हणाला.

"हाव."

"मले बी एक पायजे होता बे, त्या दिवशी."

"हाव," मी म्हटलं. "माहं चुकलं."