नवापूरची लाईट

किस्से कुणी मुद्दाम जमवायला जात नाही हो! सीटखालच्या डिकीत जशी फडकी, पाना-पक्कड आणि रिकाम्या बाटल्या आपोआप साचतात, तसे ते साचत जातात. एखाद्या दिवशी झाकण लागेनासं होतं, मग काढावेच लागतात.

सुरतेतल्या बमरोलीच्या आमच्या नाक्यावर गाड्या कमी आणि वादावादी जास्त. कारण इथं प्रत्येक गाडीचं पेय वेगळं! मी मंगल. नवरा लूमवर, आणि मी बॅटरीवर चालणारी पॅसेंजर रिक्षा चालवते. सुखदेव लातूरकडचा, त्याची रिक्षा सीएनजीची. भास्कर आप्पा आमच्या खान्देशातले, त्यांचा तीनचाकी टेम्पो डिझेलचा. लूमच्या कारखान्यातून कापडाचे ताके उचलायचे आणि मार्केटला पोचवायचे, हे त्यांचं काम. चौथे जिग्नेशभाई. टपरी चहाची, स्कूटर पेट्रोलची, आणि माझ्या चार्जिंगचा प्लग त्यांच्या टपरीमागच्या घरात.

चौघं एका बाकावर बसलो की चहा थंड होतो, पण विषय थंड होत नाही.

*

माझा पहिलाच दिवस. भेस्तानला जायला एक म्हातारी बसली. कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर मेथीची जुडी. रेल्वेच्या पुलावर चढलो, पुलावरून उतरलो. माझी गाडी नवी कोरी, आवाज म्हणून नाही. मी मनातल्या मनात खूश, की बाई कशी निवांत बसली आहे!

पूल संपला तसं तिनं मागून माझ्या खांद्यावर बोट टोचलं.

"पोरी, खरं सांग. पेट्रोल वाचवायला गाडी बंद करून सोडलीस ना उताराला?"

"नाही हो आजी, चालू आहे."

"मला नको शिकवू. माझा जावई पण रिक्षा चालवतो, तोही हेच करतो."

मी बॅटरी, मोटर, चार्जिंग, सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मेथी सावरत म्हणाली, "बरं बाई. पण चढ आला की आधी सांग, मी उतरते!"

*

सुखदेवला त्याच्या सीएनजीचा भारी अभिमान. "धूर नाही, दुर्गंध नाही, आन खिशालाबी झेपतं. लई शहाणं इंधन आहे, ताई!" खरं आहे त्याचं. फक्त पंपावरची रांग मारुतीच्या शेपटासारखी, आणि गॅस भरताना पॅसेंजरनं खाली उतरायचं हा नियम.

एकदा कतारगामला जाणारा एक हिरेवाला त्याच्या गाडीत होता. पंप आला, बिचारा उतरून बाजूला उभा राहिला. गॅस भरला, सुखदेव बसला आणि निघाला. त्याला बोलायची सवय! वाटभर तो इलेक्ट्रिक गाड्या कशा टिकणार नाहीत हे सांगत होता. मागून एक शब्द विरोधात आला नाही, म्हणून अजूनच रंगात आला. कतारगामला ब्रेक दाबून मागं वळून बघतो तर सीटवर नुसता जेवणाचा डबा!

तेवढ्यात दुसऱ्या रिक्षातून तो हिरेवाला उतरला. लालबुंद झालेला.

दुसऱ्या कुणी माफी मागितली असती. सुखदेवनं डबा पुढं केला आणि म्हणाला, "तुम्ही नव्हता ते खरं, साहेब. पण डबा तर बसून आला ना? डब्याचं भाडं द्या!"

*

आप्पांच्या डिझेल टेम्पोचा आवाज दोन गल्ल्या आधी यायचा. तो ऐकला की त्यांच्या घरी काकू भाकरी तव्यावर टाकायच्या. आप्पा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत भाकरी फुगलेली असायची. माझ्या गाडीला ते 'मिक्सर' म्हणत. "आवाज नाही, धूर नाही, ती काय गाडी म्हणावी, मंगल? तुझ्या मिक्सरमध्ये चटणी वाट!"

त्या टेम्पोवर त्यांचा जीव होता, आणि त्यामागं एक दुखणंही होतं. वडिलांची एक काळी-पिवळी जीप होती. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ रघुनाथदादा, दोघं पाळीपाळीनं ती नवापूर-नंदुरबार रस्त्यावर चालवायचे. आप्पांनी ती दादांना न विचारता विकली, टेम्पो घेतला आणि सुरत गाठली. दादा नवापूरलाच राहिले. एवढंच म्हणाले, "त्यानी जीप इकी, मंग भाऊ बी इकायना." त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

आता आप्पांच्या मुलीचं, सारिकाचं लग्न ठरलं होतं, नंदुरबारजवळच्या गावी. तिचं एकच म्हणणं, काका आले पाहिजेत. लहानपणी ती काकांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग धरायची. आप्पांनी दादांना पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवली. उत्तर आलं नाही.

"आप्पा, व्हॉट्सॲपवर देवालासुद्धा कुणी आवतण देत नाही," मी म्हटलं.

आप्पा माझ्यावर डाफरले आणि टेम्पो सुरू करून निघून गेले. धुराचा लोट मात्र आम्हाला ठेवून गेले.

*

त्या धुरानंच शेवटी घात केला. टेम्पोचा पत्रा खालून सडला होता, त्यातून धूर आत शिरायचा. एक दिवस आप्पांनी मार्केटमध्ये ताके उतरवले. शेटजींनी पांढऱ्या कापडाचा एक ताका उलगडला. त्यावर काळ्या ढगांची नक्षी, काठापासून काठापर्यंत!

आप्पांना वाटलं, आता शेटजी ओरडणार. शेटजी चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले.

"आप्पा, प्रिंट तो हम बाद में करते हैं. आप पहले से डिज़ाइन बना के ले आए!"

ओरडले असते तर आप्पांनी सहन केलं असतं. हसले, ते लागलं. महिन्याभरात डिझेलचा टेम्पो भंगारात गेला आणि दारात इलेक्ट्रिक टेम्पो आला. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत. मी पेढा घेतला आणि विचारलं, "काय आप्पा, मिक्सर आणलात?"

आप्पा म्हणाले, "गप बस आणि प्लग कसा लावतात ते दाखव!"

*

नव्या नवरीला जपावं तसे आप्पा चार्ज जपायला लागले. पंखा बंद. रेडिओ बंद. मोबाईल चार्जिंगला लावायचा नाही. हॉर्नसुद्धा वाजवायचे नाहीत! खिडकीतून डोकं काढून "ओ भाई, सरका! ओ बेन, साईड!" असं ओरडत रिंगरोडच्या मार्केटपर्यंत जायचे. चार दिवसांत घसा बसला.

"आप्पा, हॉर्ननं कितीसा चार्ज जातो?" मी समजावलं.

"थेंबे थेंबे तळे साचे, हे तूच सांगतेस ना?"

पण घरी वेगळंच संकट उभं राहिलं. गाडीला आवाज नाही, त्यामुळे आप्पा आलेले काकूंना कळेना. आप्पा पाटावर आणि पीठ अजून परातीत! दोन दिवस उशिरा जेवले, तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी हॉर्न दाबून धरला तो धरलाच. सगळी गल्ली बाहेर आली.

मी म्हटलं, "काय हो, आता चार्ज जात नाही का?"

"भाकरीसाठी गेला तर जाऊ दे!"

*

सुखदेव मात्र हार मानणारा नव्हता. एकदा भर दुपारी त्यानं मुद्दा काढला.

"ताई, तुमची लाईट काय झाडाला लागती का? तिकडं कोळसा जाळत्यात, तवा इकडं तुमची गाडी पळती. मंग धूर तोच की, नुसता पत्ता बदलला!"

त्याचा मुद्दा खोटा नव्हता. मी म्हटलं, "अरे, हळूहळू बदलतंय ना. आणि तोवर निदान शाळेच्या फाटकात, पोरांच्या नाकाशी तर धूर सोडत नाही मी." तुझा गॅससुद्धा जमिनीतूनच येतो, हेही ऐकवलं.

जिग्नेशभाई चहा गाळता गाळता हसत होते. त्यांनी मागच्या घराच्या छतावर नुकत्याच सोलर प्लेटा बसवल्या होत्या. दिवसा जास्त झालेली वीज कंपनीला जाते आणि बिलातून वजा होते, हे ते येईल त्या गिऱ्हाईकाला चहाआधी सांगायचे.

सुखदेवनं वर बघितलं. आभाळ गच्च भरून आलं होतं. त्याला आयतंच सापडलं. "जिग्नेशभाई, आज सूर्य रजेवर! आता मंगलताईंची गाडी काय ढकलायची?"

जिग्नेशभाईंनी गाळणं झटकलं. व्यापाऱ्याचं रक्त ते!

"फिकर नथी. आपडो सूरज मीटरमां जमा छे!"

*

लग्नाचं सामान गावी न्यायची वेळ आली. काकू आणि सारिका गाडीनं पुढं गेल्या. कपाट आणि भांडी टेम्पोत. एवढ्या लांब आप्पा बॅटरीवर पहिल्यांदाच निघाले होते, म्हणून मला म्हणाले, "तू चल. तू चार्जिंगची मास्तरीण." सुखदेवनं निरोप देताना जाड दोरखंड दाखवला. "कुठं अडकला तर फोन करा. सीएनजी येईल वढायला!"

मी वाटेतली चौकशी करून ठेवली होती. सोनगडच्या एका हॉटेलवर आमच्या गाडीला चालेल असा चार्जर होता. सोनगड आलं. हॉटेल आलं. आप्पांनी टेम्पो थांबवलाच नाही!

"आप्पा, चार्जर मागं राहिला!"

"गर्दी होती."

तिथं एक कुत्रं झोपलेलं होतं फक्त. मी मीटरकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं. पुढं चढाचा रस्ता, मागं लोखंडी कपाट. आकडा उतरत गेला. आप्पा एरवी एक हॉर्न वाचवायला घसा फोडणारे, पण आज त्यांनी पंखासुद्धा चालू ठेवला होता.

नवापूरच्या एका कौलारू घरासमोर टेम्पो उभा राहिला. ओट्यावर एक उंच म्हातारे गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. नाक हुबेहूब आप्पांचं. आप्पा स्टिअरिंग धरून पुढं बघत बसले. उतरेनात.

मीच उतरले. "दादा, नमस्कार. बॅटरी उतरली. वायर मिळेल का?"

दादांनी टेम्पोकडं बघितलं. आत कोण आहे तिकडं नाही बघितलं.

"किती येळ लागी?"

"तीन तास तरी."

"डिझेलनी गाडी ऱ्हाती तं थांबनाच नसता," ते शेंगांना म्हणाले, आणि आतून वायरचं भलंमोठं भेंडोळं घेऊन आले. स्वतः प्लग लावला.

तीन तास! भांडणारी दोन माणसं, एक ओटा, आणि मधे पिवळी वायर. दादांच्या घरच्या वहिनींनी काही न विचारता चूल पेटवली. कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. दोघं भाऊ एका ओळीत बसून जेवले, भिंतीकडं तोंड करून. आप्पांच्या ताटातली भाकरी संपली की दादा आपल्या ताटाकडं बघूनच म्हणायचे, "त्याले वाढ." माझेच डोळे भरून आले होते.

जेवण झाल्यावर आप्पा मीटर बघून आले. "चालेल एवढ्यात. निघू."

दादा पहिल्यांदा थेट त्यांच्याशी बोलले. "अर्धा पोटे कोनी उठस का? भरू दे तिले."

आप्पा खाली बसले. एक शेंग फोडत म्हणाले, "दादा, जीप तुले इचारीसन इकाले पाहिजे व्हती." आणि दाणे दादांपुढं ठेवत, "सारीनं लगीन शे. ये ना."

दादा उठले. त्यांनी प्लग काढला, वायर कोपरावर गुंडाळली. वहिनींना कपडे भरायला सांगितले. आप्पा स्टिअरिंगवर बसले, तसे दादा टेम्पोचं दुसरं दार उघडून त्यांच्या शेजारी भेंडोळं मांडीवर घेऊन बसले. मी आणि वहिनी मागं कपाटाला टेकलो.

"वाटमा परत उतरनी तं?" ते म्हणाले. "वायर मनी शे. मी येस संगे."

लग्नाच्या मांडवात प्लगच प्लग होते, जनरेटर होता. ती वायर एकदाही लागली नाही. तरी फोटोत दादांच्या एका बाजूला सारिका आहे आणि दुसऱ्या बाजूला भेंडोळं.

परत येताना त्यांना नवापूरला सोडलं. दादांनी भेंडोळं घेतलं आणि ओट्यावरच्या खुंटीला अडकवलं. आप्पांकडं बघून म्हणाले, "वायर आठेच ऱ्हाई, खुंटीले. लागनी तं येजो."

*

परवाच्या रविवारी आप्पा सकाळीच टेम्पो पुसून निघाले. मागं माल नाही, काही नाही. बाजूला काकू, नवी साडी नेसून.

सुखदेवनं हाक मारली. "आप्पा, सुट्टीच्या दिवशी कुठं?"

"नवापूरला."

"कसलं भाडं?"

"भाडं नाही. चार्जिंगला."

सुखदेवचा चहा हातातच राहिला. "शंभराच्या वर किलोमीटर? चार्जिंगला? आवो, जिग्नेशभाईचा प्लग हितं पाच पावलांवर हाय!"

आप्पांनी हॉर्न वाजवला, चांगला लांबलचक.

"इथली लाईट गाडीला मानवत नाही!"