दाढीखालचा व्रण

सुतारमिस्त्री कामावरून आला की बायको आधी त्याचा मास्क उलटा करून बघायची. बाहेर असायची तेवढीच लाकडाची पिवळी भुकटी आतही असायची.

"अहो, हा धूळ अडवतो की साठवतो?"

मग तो पट्टे आणखी आवळायचा. कानांमागे वळ उठले, खोकला मात्र हटेना.

शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्क कातडीला चिकटून बसायला हवा. दाढीच्या केसांतून धूळ शिरणारच. दाढी तरी काढा, नाहीतर मालकाकडे डोक्यावरून घालायचा टोप मागा, ज्याच्या आत पंख्याने गाळलेली हवा येते तो."

दाढी त्याने हौसेने वाढवली नव्हती. तिच्याखाली जबडाभर व्रण होता, विजेच्या करवतीवरून उसळलेल्या फळीचा. काम भरभर उरकावं म्हणून मालकानेच करवतीवरचं झाकण काढायला लावलं होतं.

त्याने टोप मागितला. मालकाने आणलाही. पण आत गार वारा लागतो म्हटल्यावर गुळगुळीत गालांचा मालक स्वतःच तो घालून हिंडू लागला. "तुझं काय रे, दाढी काढलीस की भागलं!"

"चोर सोडून संन्याशाला सुळी," असं पुटपुटत बायकोनेच वस्तरा हातात घेतला. तो डोळे मिटून बसला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मास्क आतून स्वच्छ निघाला. तिला हायसं वाटलं.

"कोणी काही म्हणालं का हो?"

"मालकाने विचारलं," तो जबड्यावर हात ठेवून म्हणाला, "कुठे धडपडला होतास रे, म्हणून."