अक्काची पडवी रिकामी झाली त्याची गोष्ट

धामापुरात शेवंतीअक्काच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस पायरीवरच थबकायचा. पडवीत कमोडच्या खुर्च्या, व्हीलचेअरी, वॉकर. आत किती जण अंथरुणाला खिळलेत, हा प्रश्न त्याच्या तोंडावर दिसायचा. खिळलेलं कोणी नव्हतं. घरात अक्का आणि तिची मुलगी दीपिका, दोघी खणखणीत.

झालं असं, की सासू गेली आणि तिचा वॉकर मागे राहिला. शेजारची म्हातारी पडली, अक्काने तो तिला नेऊन दिला. परत आला तो जोडीला एक खुर्ची घेऊन. मग कुणाचं माणूस गेलं की वस्तू अक्काकडे, कुणाचं पडलं की वस्तू अक्काकडून. पुढे 'सोबत रुग्णसेवा मंडळ' निघालं, अक्का सचिव झाली. पाटी मंडळाची, फोटो अध्यक्षांचे, पडवी मात्र अक्काची. हाराला गळे पुष्कळ असतात, ओझ्याला खांदा एकच.

गेल्या महिन्यात दीपिकाला बघायला रेडीहून पाहुणे आले. मुलाच्या आईने पडवी न्याहाळली, चहा अर्धा टाकला. "तुमच्या घराण्यात आजार आसा काय गो?" विचारून गेली ती गेलीच. आता रविवारी दुसरे यायचे होते आणि शनिवारी मंडळाची वार्षिक सभा होती. त्या सभेतच पडवी रिकामी करायची, अक्काने ठरवलं.

पण मंडळाच्या घटनेप्रमाणे सभेला अकरा सभासद लागतात. नसले तर सभा अर्धा तास तहकूब, मग असतील तेवढ्यांत उरकायची. मात्र तहकूब सभेत नवा विषय घेता येत नाही. गावोगावच्या सभासदांना हे कलम तोंडपाठ. म्हणून दरवर्षी सगळे वेळेवर येत आणि हॉलसमोर दाजीच्या टपरीवर भजी खात तहकुबीची वाट बघत. नवा विषय नाही, नवं काम नाही!

यंदा अक्काने सकाळीच दाजीला गाठलं. "स्टोव्ह उचल. आज भजी हॉलात."

"आणि गिरायक?"

"माशेक गुळाचो पत्तो सांगूचो लागता?"

वासामागोमाग सभासद आत आले. अकरावा शिरला तशी अक्का दारात पाय रोवून उभी राहिली. हॉलच्या प्लास्टिकच्या खुर्च्या एका लग्नाला गेल्या होत्या. त्यांच्या जागी टेम्पोने आणलेली अख्खी पडवी मांडलेली.

"बसा."

अध्यक्ष स्टॅनली मास्तर गोव्यात शिकवून निवृत्त झालेले, पँटची इस्त्री मोडू न देणारे. "शेवंते, ह्यो कमोड गो!"

"झाकण आसा मरे मास्तरांनू. अध्यक्षांक बिनझाकणाचो देयन काय?"

गुडघे सगळ्यांचेच कुरकुरणारे. हातात गरम भजी घेऊन ज्याला जे मिळालं त्यावर त्याने बूड टेकलं. जितेंद्रने तर व्हीलचेअरवर गिरकीच घेतली.

"अकरा झाले," अक्का म्हणाली. "नवो विषय. जो ज्येच्यार बसलो, ता त्येच्या घराक. ज्या गावात म्हातारो पडतलो, त्याच गावात वस्तू गावतली. हात वर करा."

"आमच्याकडे जागा खंय?" किशोरी पुटपुटली.

"चार खोल्ये आसत तुझे! माझ्या चेडवाचा लगीन ह्या खुर्चेंनी अडवल्यानी. सेवा करूची तर घरात करा, फोटोत नको."

अक्का दारातून तसूभर हलली नाही. मग मास्तरांचा हात वर गेला. त्यामागे, भज्यांच्या तेलाने माखलेले, बाकीचेही.

रविवारी पडवीत रांगोळी. मुलगा बरा होता, आईबाप हसरे. सोबत आलेल्या आजीने मात्र अक्काला बाजूला घेतलं आणि कानाला लागली, "बाय, गुडघो वाकणा नाय. उंच खुर्ची आसा काय गो तुमच्यात... तसली?"

अक्काने कपाळाला हात मारला आणि फोन लावला.

"आसा," मास्तर म्हणाले. "पण देवचो तर सचिवाची सही व्हयी."

"सचिव मीच मा!"

"मगे अर्ज घेवन ये."

"मास्तरांनू, घेवन येतास काय? नायतर फुडच्या सभेक बिनझाकणाचो देतलंय!"

मास्तर स्कूटरला कमोड बांधून अंगणात हजर. आजी आत जाऊन सुखाने बाहेर आली आणि नातवाला म्हणाली, "होय म्हण रे झिला. ह्या घराक म्हातारपण कळता."

"आणि माका कोण इचारतला?" दीपिका म्हणाली. मग तिने मुलाला पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या घराक पडवी केवढी?"