भिंतीवर चिकटलेले जवाईबापू

मी आयुष्यात पहिल्यांदा भिंत चढलो आणि मला उतरवायला सासूबाईंना वर यावं लागलं.

चंद्रपुरात आमच्या वस्तीत नवं क्रीडा संकुल झालं. त्यात रंगीत खुंट्या ठोकलेली, तीन पुरुष उंच, चढायची भिंत आहे. आमच्या चिऊला शिबिरात घातलं, पण भिंत पाहिली की ती रडायची. त्याच आठवड्यात जिवतीहून सासूबाई राहायला आल्या होत्या. त्यांच्यादेखत मी जाहीर केलं की बाप चढून दाखवेल, मग पोरगी आपोआप चढेल. बायकोने माझ्या पोटाकडे पाहिलं.

कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर बांधून मी निघालो. दहा खुंट्या झकास गेल्या. चिऊ टाळ्या वाजवत होती. कौतुक घ्यायला मी खाली पाहिलं. (शिबिरात शिकवणाऱ्या मॅडमनी तीनदा बजावलं होतं, खाली पाहू नका.) जमीन फार लांब दिसली आणि मी पालीसारखा भिंतीला चिकटलो.

मॅडम म्हणाल्या, हात सोडा, दोर तुम्हाला अलगद खाली आणेल. पण दोराची आणि माझी ओळख त्याच दिवसाची. मी हात काही सोडले नाहीत. पंधरा मिनिटं झाली. खाली पोरांची रांग लागली, बॅडमिंटनवाले खेळ टाकून बघायला आले. बायको बाकावर अशी बसली होती, जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी बायको.

शेवटी सासूबाई उठल्या. पासष्टीच्या बाई, पण निम्मं आयुष्य तेंदूची फळं, म्हणजे टेंभरं, पाडायला झाडांवर चढण्यात गेलेलं. त्यांनी लुगड्याचा काष्टा आवळला, दुसरा दोर बांधून घेतला आणि बघता बघता माझ्या शेजारी आल्या.

"जवाईबापू, भेव लागते त लागू द्या. मी आहो ना. आता डावा पाय खाली."

मी पाय हलवला.

"तो उजवा होय."

एकेक खुंटीवर माझा घोटा धरून त्यांनी मला खाली आणलं. मी जमिनीवर बसलो आणि जमीन बराच वेळ सोडली नाही.

एवढ्यात चिऊ गुपचूप पट्टा बांधून निघाली, ती थेट वरच्या टोकाला. उतरल्यावर मॅडमनी विचारलं, भीती कुठे गेली?

"बाबा पडला नाई," ती म्हणाली, "मंग मी कशी पडीन?"

मॅडमना हे इतकं पटलं की आता दर नव्या तुकडीच्या पहिल्या दिवशी त्या मला चढून दाखवायला बोलावून घेतात. मी जातोही. फक्त चौथ्या खुंटीपर्यंत. सासूबाई जिवतीला परत गेल्यात.