फोन न करता मांजरीला

आमच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर समितीतल्या साठ्यांनी लिहिलं, "मॅडम छताला उसाचा चोथा लावणार आहेत. म्हैस कुठे बांधायची तेवढं ठरवा." हसणाऱ्यांनी हसून घेतलं आणि मग एकेकाने मला फोन करून विचारलं, की तुम्ही नक्की पाहिलंत तरी काय? प्रत्येकाला वेगळं सांगत बसायला मला वेळ नाही, म्हणून हे लिहिते आहे.

अभ्यासिका कसबा पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. मी तिची कार्यवाह. स्पर्धा परीक्षांची मुलं तिथे दिवसभर बसतात. मार्च उजाडला की पत्रा असा तापतो, की दुपारी मुलं पुस्तकं उचलून जिन्यात येऊन बसतात. पत्र्याखाली उष्णता अडवणारं छत हवं, यावर वाद नव्हता. वाघोलीच्या एका कॉलेजात पीएचडी करणारी प्रज्ञा उसाच्या चोथ्यापासून तक्ते बनवते. तिने ते आम्हाला फुकट देऊ केले. तिचे तक्ते आजवर फक्त एका घरात लागले होते. माणसांच्या वापरातली मोठी जागा मिळाल्याशिवाय तिचं काम पुढे सरकणार नव्हतं. रविवारी समिती ठरवणार होती. न पाहता मी सही करत नाही. शुक्रवारी निघाले.

कसबा पेठ स्थानकातून मेट्रो घ्यावी, सिव्हिल कोर्टला बदलावी आणि रामवाडीला उतरावं. इथवर प्रवास स्वस्त आणि सुखाचा. पुढे नगर रस्त्यावर बस मिळते, पण खराडी बायपासला ती उभी राहते ती राहतेच. पुस्तक जवळ ठेवा. वाघोलीत मिसळ खाल्ली. रस्सा झणझणीत होता आणि पाव ताजा होता. याहून जास्त कौतुक मी करत नाही.

प्रज्ञा कॉलेजच्या फाटकाशीच उभी होती. प्रयोगशाळेत तिने बाजरीच्या भाकरीच्या रंगाचा एक तक्ता माझ्या हातात दिला. आकाराच्या मानाने फारच हलका. त्यावर तिने ज्योत धरली. तक्ता काळा पडला, पेटला नाही. काही तुकडे पाण्यात बुडवून ठेवले होते, ते फुगले नव्हते. एका पेटीत वाळवी सोडली होती. तिने शेजारचं प्लायवूड पोखरलं होतं आणि या तक्त्याला तोंडही लावलं नव्हतं.

"छान," मी म्हणाले. "आता ते घर दाखवा."

"हो मॅडम, मांजरी गावात आहे. मंदाकाकूंना फोन करते."

"करायचा नाही."

"असं अचानक जाणं ऑकवर्ड होईल, मॅडम."

"मी बँकेत होते, शाखा तपासायला जायचे. कळवून गेलं की टेबलं पुसलेली असतात."

तिने मला हेल्मेट दिलं. या वयात स्कूटरवर मागे बसून आव्हाळवाडीवरून गेले. मांजरीचा पूल ओलांडताना नाकाला रुमाल लावा, नदीत जलपर्णी कुजते आहे. पलीकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध उंचच उंच इमारती. प्रत्येकीवर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी.

मंदाकाकू शेतकरी घरातल्या. त्यांच्या मागच्या खोलीला प्रज्ञाने वर्षापूर्वी छत बसवलं होतं. आम्हाला दारात पाहून त्यांचा चेहरा उतरला.

"अगं बया, फोन तरी करायचा! बसा हितंच. आत पसारा हाय."

पाणी प्याले आणि आत गेले. पसारा कुठेच नव्हता. खोली खरोखर गार होती. बाहेर ऊन रणरणत असताना खुर्चीवर चढून छताला हात लावला, तर तळव्याला चटका नाही. आणि मग दिसली ती भिंतीवरून छताच्या कडेपर्यंत गेलेली काळी रेघ. रेघ हलत होती. मुंग्या.

"काकू, या कधीपासून?" प्रज्ञाने विचारलं.

"दसऱ्यापास्नं असतील."

"मग मी दर महिन्याला येते तेव्हा?"

"तू येनार म्हनलं की ओल्या फडक्यानं पुसून काढते. लेक कामाला येनार आन तिला मुंग्या दाखवायच्या व्हय? तुझं नाव खराब व्हायला नको."

प्रज्ञा खुर्चीवर चढली. तक्त्याच्या कडेला बोट घासून तिने जिभेला लावलं.

"गोड आहे," ती म्हणाली. "लॅबमध्ये चोथा उकळून धुतो, मॅडम. हा लॉट मोठा होता, हौदात गार पाण्यात नुसता भिजवला. साखर राहिली." मग खुर्चीवरून उतरत, "वाळवी तपासली. मुंगी आमच्या टेस्टमध्येच नाही. आणि वर्षभर मी 'कीड नाही' असंच लिहीत आलेय."

"माझं चुकलं का गं?" काकूंचा आवाज बारीक झाला.

"नाही काकू. मीच फोन करून येत होते."

परतताना ती मला हडपसरच्या बसपर्यंत सोडायला आली. थांब्याशेजारच्या रसवंतीवर थांबलो. रस बिनबर्फाचा मागा. बाहेर चिपाडांचा ढीग मुंग्यांनी काळा झाला होता. दोघींनी तो पाहिला.

"मांजरीहून जाताना दर वेळी इथेच रस पिते मी," ती म्हणाली आणि तिला हसू आवरेना. मग एकदम गंभीर होऊन, "रविवारी नाही म्हणणार ना तुम्ही?"

"ते रविवारीच विचार मला."

घरी आल्यावर बराच वेळ त्या फडक्याचा विचार करत होते. नोकरीत मी न कळवता जायचे ती लबाडी पकडायला. इथे कोणी लबाड नव्हतं. एका बाईने मायेने भिंत पुसली आणि एका मुलीचं वर्षाचं निरीक्षण पुसलं गेलं. पण त्या खोलीतला गारवा कोणी आमच्यासाठी मांडून ठेवलेला नव्हता, तोही मी न कळवताच पाहिला होता.

रविवारी समितीला आधी मुंग्या सांगितल्या, गारवा नंतर. साठे म्हणाले, "म्हणजे म्हैस रद्द. मुंगीखाऊ बघा." ठरलं ते असं: खिडकीकडच्या अर्ध्या भागाला उकळून धुतलेल्या चोथ्याचे नवे तक्ते, उरलेल्या अर्ध्याला बाजारातलं छत. दोन्ही कामं मार्चच्या आत. साठ्यांनी विरोध केला नाही. त्यांच्या मानाने हे पुष्कळ झालं.

सोमवारी दिलं ते: अभ्यासिकेच्या दाराची जादा किल्ली, एक. घेणार प्रज्ञा. कारण: केव्हाही, न कळवता येता यावं. सोबत मुलांसाठी दाराला लावायची सूचना, माझ्या सहीची: "छतावर मुंगी दिसल्यास पुसू नये."