बँडवाल्या काकांचा राग

बँडवाल्या काकांनी एका माणसाला कधीच माफ केलं नाही, आणि हे ते मेडल दाखवावं तशा अभिमानाने सांगत. आमच्या गावात, बिरसीला, शेजारीच त्यांचं घर. फौजेत ते पलटणीच्या बँडमध्ये ढोल वाजवायचे. लढाई लागली की बँडवाल्यांच्या हाती स्ट्रेचर येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं.

गावात कोणाला साप चावला, कोणी झाडावरून पडलं, की खाट उचलायला काका पुढे. दुसरी बाजू धरणाऱ्याला ते आधी विचारत, "सोडून पळशील त नाही ना?" तो हसला तर त्याला बाजूला करून दुसऱ्याला बोलावत. माझ्या वडिलांना लकवा मारला तेव्हा धानाच्या बांधीतल्या चिखलातून रस्त्यापर्यंत त्यांनीच नेलं.

कारगिलची हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली. "मी समोर, तो मांगं. मधात जखमी पोरगा, आमगावकडचा. वरून गोळे पडून राहिले होते. एकाएकी मांगचं वजन गेलं. पाहतो त हा पळून राहिला. पोरगा उतारावर घसरत गेला. पाठीवर बांधून मी एकटाच आणला त्याले. खाली येईपर्यंत गेला. त्या दिवशी अजून चार जन आणले, चारही जगले. पन मले हाच एक दिसते."

पळालेल्याने वरच्या साहेबांना सांगितलं, दोघांनी मिळून आणला. पाहणारा कोणी नव्हता.

पुढे मी गावच्या शाळेत शिक्षिका झाले. एका पंधरा ऑगस्टला एक निवृत्त जवान पाहुणे आले आणि आपण जखमींना कसं वाचवलं ते सांगू लागले. काका मागून उठून थेट माईकपाशी गेले.

"मांगचे दांडे कोनी सोडले, सांग पोराईले."

पाहुणा माईकपासून मागे सरला. मग काकांनीच सगळं सांगितलं, आवाज न चढवता. पाहुणा रडत त्यांच्या पायांशी वाकला. "भाऊ, मी घाबरून गेलो होतो."

काकांनी पाय मागे घेतले. "घाबरलो त मीबी होतो. माफी त्याच्या मायले माग." त्यांनी कागदावर पत्ता लिहून दिला. त्यानंतर दरवर्षी ते त्या माऊलीकडे जाऊन, तो आला होता का, विचारून येत. तो माफी मागायला एकदाही गेला नव्हता.

यंदा धानकापणीत काका वारले. तो माणूस आला, तिरडीला खांदा द्यायला पुढे झाला. काकांचा मुलगा गोंधळला.

मी विचारलं, "आमगावला जाऊन आलात?"

त्याने मान खाली घातली.

"मग हात लावू नका."

तो बांधावर उभा राहिला. चौघांनी काकांना नेलं. एवढं बोलायला नको होतं, असं आई नंतर म्हणाली. मला तसं वाटलं नाही. तेरवी झाल्यावर मी आमगावला गेले. त्या पोराच्या म्हाताऱ्या आईने चहा दिला, काका कसे गेले ते विचारून घेतलं. निघताना मी विचारलं.

तो अजूनही आला नव्हता. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारायला जाणार आहे.