जोहराबीच्या घरातला कापूस

आता माह्यंच मले हसू येते, पन पांढरकवड्याले राहाले आली तवा शेजारची जोहराबी मले भल्ली घमेंडी वाटली होती. मी दारातून दहा गोष्टी विचाराव्या, अन् हिनं नाकातोंडावर ओढनी बांधून नुसती मुंडी हालवावी. मंग समजलं. नवरा नासिरभाई पुढच्या खोलीत मशीनवर कापूस पिंजे, ही गाद्या भरे. कापसाच्या त्या भुरक्यात तोंड उघडलं का खोकला.

नासिरभाई अचानक गेला. नवरा गेल्यावरच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरात काढून जोहराबी पयल्यांदा बाहेर निघाली, थे घराच्या विम्यापायी. कागदात 'जादा जोखीम आकार' अशी ओळ होती. आजवर कागद नासिरभाईच पाहे. हैदराबादहून पोरगा आसिम फोनवर म्हने, "अम्मी, हे कायले भरतं? काढून टाक." मले तिनं संगं नेलं.

हाफिसातल्या बाबूनं समजावलं, "घरात कापूस ठेवता, आग लवकर लागते. त्याच्यासाठी हा जादा आकार. आता भाऊ नाहीत, धंदा बंद. घरात कापूस नाही असं लिहून द्या, निंगून जाईन."

पेन तिच्या हाती देल्ला. हात थांबला.

मी कोपर मारला. "करा सही वो."

"दोन बोरे कापूस हाय ना घरात."

"दोनच तं!"

तिनं बाबूले विचारलं, "नाही म्हून लिहिलं, अन् आग लागली तं?"

"कंपनी कायीच देनार नाही. भिंतीचंही नाही."

घर सोडून तिच्यापाशी दुसरं होतंच काय?  घरी पुढच्या खोलीत नासिरभाईनं पिंजलेल्या कापसाची, अर्धीच भरलेली गादी तशीच पडून होती. माहीच गादी थे. जोहराबी तिले कोनाले हात लावू देत नव्हती.

"आकार राहू द्या," थे म्हने. "धंदा बंद नाही झाला."

"चालवते कोन?"

"मी. लिहा, जोहराबी."

बाबूनं नासिरभाईचं नाव खोडलं. तिनं तिकडं पायलं नाही, खिडकीतून रोडावरचे ट्रक पाहत राह्यली. 

घरी आल्याबरोबर तिनं ओढनी बांधली अन् माही गादी पुढं ओढली.

चार दिवसानं मी गादी न्याले गेली. म्हनलं, उलशी चिडवावं हिले. "काय वो जोहराबी, मी नऊ किलो कापूस देल्ला होता. खोळ वजा करून गादी साडेआठच भरून राह्यली. अर्धा किलो कोनाच्या उशीत गेला?"

ओढनी न सोडताच तिनं खुंटीवरची थैली काढली. वर नासिरभाईच्या अक्षरात माहं नाव. आत माह्या कापसातली सरकी, माती, काड्या. तराजूत टाकली. बरोबर अर्धा किलो.

मंग ओढनी खाली केली.

"घ्या इंदूबाई, तुमचा कापूस. गादीत भरून देऊ?"

मी गादी खांद्यावर घेतली अन् मुंडी हालवत घरी आली.